अहवालातला शून्य आणि डबीतली गोळी

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील ३१ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. साडेसहा वर्षांपूर्वी त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून त्या इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज घेत आहेत. चार वर्षांपूर्वी लग्न झाले. आजाराची पूर्ण कल्पना सासरी आधीच दिलेली होती. रक्तातील आजाराची पातळी मोजणाऱ्या बीसीआर-एबीएल या तपासणीचा आकडा पहिल्या वर्षअखेरीस ०.४, दोन वर्षांनंतर ०.०८ आणि सव्वाचार वर्षांनंतर ०.००९ होता, त्यानंतरचे तीन अहवाल ‘आढळले नाही’ असे आले. सासूबाईंचे म्हणणे असे, की रिपोर्ट शून्य आहे तर विषारी गोळी कशाला? पती-पत्नी दोघांनाही मूल हवे आहे. डॉक्टर मात्र ‘अजून थोडे थांबू’ म्हणतात. या ओढाताणीत पत्रलेखिका गेले अडीच महिने कुणालाही न सांगता गोळी एक दिवसाआड घेत आहेत. मागील महिन्यात पुण्याला जाणे जमले नाही म्हणून जवळच्या शहरात रक्त दिले, तेथील अहवालात ०.०१८ असा आकडा आला. त्या विचारतात : ‘आजार गेला होता आणि आता परत आला का? माझ्याच हाताने मी हे ओढवून घेतले का? गोळी बंद करून आई होण्याची आशा आता सोडून द्यावी का?’

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांची थोडक्यात उत्तरे आधी देते, म्हणजे पुढचे सविस्तर वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. आजार ‘गेला’ नव्हता, आणि हाती असलेल्या एका आकड्यावरून तो ‘परत आला’ असेही म्हणता येत नाही. तुमच्या गोळ्या चुकवण्याचा या आकड्याशी संबंध असू शकतो, परंतु त्याने भरून न येणारे नुकसान झाले असण्याची शक्यता कमी आहे. आणि आई होण्याची आशा सोडण्याचे कोणतेही कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही. फक्त तिचा रस्ता तुम्ही समजता त्यापेक्षा थोडा लांबचा आहे.

आजपासून डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे रोजची गोळी रोज सुरू करा. चुकलेल्यांची भरपाई म्हणून एकदम दोन घेऊ नका. पाळी चुकलेली असेल, तर मात्र गोळी घेण्याआधी घरच्या घरी गर्भधारणेची चाचणी करा आणि ती होकारार्थी आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. हे सांगून मी आता माझ्या क्षेत्राकडे वळते, कारण मी तुम्हाला तपासणारी डॉक्टर नाही. ज्या अहवालांनी तुमच्या घरात एवढी खळबळ उडवली, तसे अहवाल तयार करून त्यांवर सही करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि तुमच्या पत्रातील बहुतेक गुंता त्या अहवालाच्या वाचनातच आहे असे मला वाटते.

सीएमएलमध्ये नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि त्यातून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते. त्यातून निघालेले प्रथिन पेशीला सतत वाढीचा आदेश देत राहते. इमॅटिनिब नेमके त्या प्रथिनाचे तोंड बंद करते. तुमच्या रक्तात आपण मोजतो त्या या जोडजनुकाच्या संदेशप्रती, आणि त्या मोजण्याची पट्टी आंतरराष्ट्रीय आहे. या पट्टीवरचा १०० हा आकडा रुग्णाच्या रक्तातील शंभर टक्के पेशी कर्करोगाच्या आहेत असे सांगत नाही. इमॅटिनिबच्या सुरुवातीच्या ‘आयरिस’ नावाच्या मोठ्या अभ्यासातील ३० नव्या रुग्णांचे नमुने अ‍ॅडलेड, लंडन आणि सिअ‍ॅटल येथील तीन प्रयोगशाळांनी तपासले, त्यांची सरासरी म्हणजे १०० असे ठरवण्यात आले, आणि तेथून हजारपटीने खाली आले की ०.१. यालाच डॉक्टर ‘मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स’ किंवा एमएमआर म्हणतात. दहा हजारपटीने खाली आले की ०.०१, म्हणजे ‘एमआर-चार’. आणखी खाली ०.००३२ म्हणजे ‘एमआर-साडेचार’. तेव्हा ०.०१८ वाचून ‘माझ्या रक्तात ०.०१८ टक्के कर्करोग आहे’ असा अर्थ लावू नये. निदानाच्या वेळच्या सर्वसाधारण पातळीच्या मानाने तुम्ही अजूनही पाच हजार पटींहून अधिक खाली आहात, एवढेच तो आकडा सांगतो.

आता ‘आढळले नाही’ या शब्दांकडे येऊ, कारण सासूबाईंचा शून्य तेथून आला आहे. तांदूळ निवडण्याचे काम तुम्ही केलेच असेल. ताटात मूठभर तांदूळ घेऊन पाहिले आणि खडा दिसला नाही, तर पोत्यात खडा नाही असे कोणी म्हणत नाही. मुठीत नव्हता एवढेच म्हणता येते. आमच्या तपासणीत ‘किती दाणे पाहिले’ हे एबीएल१ या नियंत्रक जनुकाच्या प्रतींच्या संख्येवरून कळते. १०,००० प्रती मोजल्या गेल्या आणि बीसीआर-एबीएल दिसले नाही, तर फार तर ‘एमआर-चार’ असे म्हणता येते. ‘एमआर-साडेचार’ म्हणायला किमान ३२,००० प्रती लागतात. नमुना जुना झाला, रक्तातील आरएनए, म्हणजे ज्या द्रव्याच्या या संदेशप्रती असतात तेच, मोडले, तर प्रती कमी मिळतात आणि मग तोच ‘आढळले नाही’ हा शेरा जवळजवळ निरर्थक होतो. पावसाळ्यात कुरिअर अडकून तिसऱ्या दिवशी पोहोचलेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर ‘आढळले नाही’ लिहिण्यापेक्षा ‘नमुना तपासण्यायोग्य नाही’ लिहिणे हाच प्रामाणिकपणा असतो, पण तसे लिहिलेले रुग्णाला आवडत नाही आणि नमुना पाठवणाऱ्यालाही आवडत नाही. म्हणून तुमचे ते तीन अहवाल काढा आणि त्यांच्या तळाशी नियंत्रक जनुकाच्या प्रतींची संख्या दिली आहे का, ते पाहा. दिलेली नसेल तर प्रयोगशाळेकडे मागा. ती मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

ढोबळ हिशेब करायचा तर निदानाच्या वेळी शरीरात या आजाराच्या साधारण एक लाख कोटी पेशी असतात असे मानले जाते. त्या दहा हजारपटीने कमी झाल्या तरी दहा कोटी उरतात, आणि आपली सर्वसाधारण तपासणी जेथे अंधारते, तेथेही काही लाख ते काही कोटी पेशी असू शकतात. हे वाचून घाबरू नका, कारण या गोष्टीची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवली आणि वर्षानुवर्षे ज्यांचा आजार वर आला नाही, अशा लोकांच्या रक्तातही अधिक बारीक पद्धतीने पाहिले तर बीसीआर-एबीएल सापडते. इतकेच नव्हे, तर अतिसंवेदनशील तपासणीने काही पूर्णपणे निरोगी माणसांच्या रक्तातही त्याचे क्षीण अंश आढळले आहेत. म्हणजे औषधाशिवाय राहण्यासाठी शेवटची पेशी मरावी लागते, ही समजूतही खरी नाही. उरलेल्या पेशींना शरीराची रोगप्रतिकारशक्ती लगाम घालून ठेवते, असा संशोधकांचा कयास आहे. तुमच्या घरात वाद चालला आहे तो ‘शून्य आहे की नाही’ यावर, आणि ज्या प्रश्नावर निर्णय ठरतो तो मात्र कोणी विचारलेला नाही : गोळी थांबवल्यावर तुमच्यावर किती बारकाईने लक्ष ठेवले जाईल, आणि आकडा वर आला तर तुम्ही किती लवकर पुन्हा गोळी सुरू कराल?

तुमचा ताजा आकडा ‘आढळले नाही’वरून ०.०१८ वर का गेला असावा? एक कारण प्रयोगशाळा बदलणे. प्रत्येक प्रयोगशाळेला आपले मोजमाप आंतरराष्ट्रीय पट्टीवर बसवण्यासाठी स्वतःचा रूपांतर-गुणक असतो, आणि इतक्या खालच्या पातळीवर एकच रक्त दोन ठिकाणी दिले तरी दुप्पट-तिप्पट फरक पडणे आम्हाला नवलाचे वाटत नाही. दुसरे कारण साधा चढउतार. एकाच प्रयोगशाळेतही तो होतो. तिसरे कारण तुमच्या एक दिवसाआडच्या गोळ्या. यांपैकी कोणते खरे, हे एका अहवालावरून कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून पुढील तपासणी पूर्वीच्याच पुण्याच्या प्रयोगशाळेत, रोजची गोळी नियमित सुरू केल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून करून घ्या. आकडा पुन्हा ०.०१ च्या खाली गेला तर आपण पूर्वीच्या जागी आलो. नाही गेला, तरीही तो ०.१ च्या खाली आहे तोवर तुम्ही सुरक्षित पट्ट्यात आहात. फक्त गोळी थांबवण्याचे बोलणे पुढे ढकलावे लागेल.

गोळ्या चुकवण्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. सहा वर्षे रोज न चुकता एक गोळी घेणे, त्यातही ती घेतल्यावर मळमळते, डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पोटऱ्यांत पेटके येतात, आणि घरातली वडील माणसे तिला विष म्हणतात, हे सोपे नाही. परंतु लंडनमध्ये ८७ रुग्णांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुम्हाला ठाऊक असावा. त्यात गोळीच्या बाटलीच्या झाकणात एक इलेक्ट्रॉनिक चकती बसवून, बाटली केव्हा उघडली गेली याची नोंद तीन महिने ठेवली होती. नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांपैकी सहा वर्षांत एमएमआर गाठण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के होती. नव्वद किंवा त्याहून कमी टक्के घेणाऱ्यांत ती २८ टक्क्यांवर आली. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकणे. तुमच्या महिन्याला पंधरा चुकत आहेत. तुम्ही त्या रुग्णांपेक्षा पुष्कळ खालच्या, सुस्थिर पातळीवरून हे केले, म्हणून फरक लहान दिसतो आहे.

आणि येथे एक विरोधाभासही सांगितला पाहिजे. डोस कमी करत जाणे ही कल्पना मुळात चुकीची नाही. ब्रिटनमधील ‘डेस्टिनी’ या अभ्यासात रुग्णांना आधी एक वर्ष निम्मा डोस, म्हणजे इमॅटिनिबच्या बाबतीत रोज २०० मिलिग्रॅम, देऊन नंतर तो पूर्ण थांबवला होता. जे सुरुवातीला स्थिरपणे ०.०१ च्या खाली होते त्यांच्यापैकी ७२ टक्के तीन वर्षांनंतरही आजार वर न येता राहिले, आणि जे फक्त ०.१ च्या खाली होते त्यांच्यात हे प्रमाण ३६ टक्के होते. तुम्ही जे केले ते बाहेरून असेच दिसते. पण त्या रुग्णांची तपासणी दर महिन्याला होत होती आणि त्यांच्या डॉक्टरांना डोस माहीत होता. तुमच्या डॉक्टरांना तो माहीत नाही, म्हणून ०.०१८ पाहून ते उद्या असा निष्कर्ष काढू शकतात की पूर्ण डोस घेऊनही आकडा वाढतो आहे. मग औषधाला दाद न देणारे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातील बदल, शोधण्याच्या तपासण्या होतील, कदाचित गोळीही बदलली जाईल. लपवलेल्या अडीच महिन्यांचा खरा धोका मला येथे दिसतो.

आता औषध थांबवण्याविषयी. डॉक्टर याला ‘ट्रीटमेंट-फ्री रेमिशन’ किंवा टीएफआर म्हणतात. आपण औषधमुक्त उपशम म्हणू. फ्रान्समधील ‘स्टिम’ या अभ्यासात, किमान दोन वर्षे ज्यांच्या रक्तात काही आढळले नव्हते अशा १०० रुग्णांची इमॅटिनिब थांबवण्यात आली. २०१० साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेर सुमारे ४१ टक्के औषधाविना टिकले, आणि पुढे पाच वर्षांनंतरचा आकडा ३८ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढाच राहिला. युरोपातील ११ देशांत साडेसातशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘युरो-स्की’ अभ्यासात सहा महिन्यांनंतर ६१ टक्के आणि दोन वर्षांनंतर ५० टक्के टिकून होते. या दोन्हींतून दिसते ते असे, की आकडा वर यायचा असेल तर तो बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच येतो. ते पार पडले की वाट सपाट होत जाते. त्याचबरोबर हेही खरे, की निम्म्या लोकांना गोळी पुन्हा सुरू करावी लागते. रुपया उडवण्यासारखाच हा कौल आहे, आणि आजवर कोणत्याही तपासणीला तो आधी सांगता आलेला नाही. गोळी किती वर्षे घेतली आणि ०.०१ च्या खाली किती वर्षे राहिलात, यावर शक्यता कमीअधिक होते, एवढे निश्चित दिसते.

तुमच्या पत्रात ‘बंद करून परत सुरू करावी लागली तर सगळे फुकट’ असे एक वाक्य आहे. हे गृहीतक मी तुम्हाला जरा तपासून पाहायला सांगेन. देखरेखीखाली गोळी थांबवलेल्यांत आकडा ०.१ च्या वर गेला, की लगेच तीच गोळी पुन्हा सुरू करतात, आणि जवळजवळ सगळ्यांचा आकडा पुन्हा खाली जातो. आजार गंभीर अवस्थेत गेल्याची उदाहरणे अगदी विरळा आहेत. तेव्हा पुन्हा गोळी घ्यावी लागणे ही तुमच्या शरीराची किंवा तुमच्या मनोनिग्रहाची नापासी नसते. परंतु हा दिलासा तपासणी वेळेवर होण्याच्या अटीवर आहे. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार गोळी थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला, पुढील सहा महिने दर दोन महिन्यांनी आणि त्यानंतर कायम दर तीन महिन्यांनी ही तपासणी व्हायला हवी. पहिल्या वर्षातच नऊ वेळा रक्त द्यायचे, आणि अहवाल शक्यतो दोन आठवड्यांच्या आत हातात पडायला हवा.

आपल्याकडील अडचण नेमकी येथे आहे, आणि ती परदेशी लेखांत सापडत नाही. युरो-स्कीच्या संशोधकांनी गोळ्या थांबवल्याने सुमारे २ कोटी २० लाख युरो वाचल्याचा अंदाज मांडला, कारण तेथे गोळी महाग होती. भारतात स्वस्त जेनेरिक इमॅटिनिब बरीच वर्षे मिळते आहे, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस या इमॅटिनिबच्या मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळल्यावर ती वाट मोकळी राहिली. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला लाख रुपयांहून अधिक लागत असताना जेनेरिकला त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी लागत होते. आपल्याकडे गोळी आवाक्यात आली, तपासणी मात्र अनेकांच्या आवाक्याबाहेर राहिली. म्हणून ‘गोळी बंद झाली की खर्च वाचेल’ या हिशेबाने जर घरात कोणी विचार करत असेल, तर पहिल्या वर्षाच्या नऊ तपासण्यांचा, पुण्याच्या नऊ फेऱ्यांचा आणि बुडणाऱ्या नऊ दिवसांच्या मजुरीचा किंवा रजेचा खर्च आधी कागदावर मांडा. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी गोळी थांबवण्याच्या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तपासणीविना गोळी थांबवण्यापेक्षा तपासणीसह गोळी घेत राहणे कितीतरी पटीने सुरक्षित आहे.

तुमच्यापुरते बोलायचे तर त्या शिफारशींतील किमान अटी अशा : आजार पहिल्या, म्हणजे क्रॉनिक अवस्थेतच असावा, औषधाला कधी अपयश आलेले नसावे, इमॅटिनिब पाच वर्षांहून अधिक काळ घेतलेली असावी, ०.०१ च्या खाली दोन वर्षांहून अधिक काळ स्थिर असावे, आणि जोडजनुकाचा प्रकार नेहमीच्या दोहोंपैकी असावा, म्हणजे तपासणीला तो नीट मोजता येतो. तुमची पहिल्या वर्षाअखेरची ०.४ ही पातळी ‘इशाऱ्याच्या’ पट्ट्यात येते, अपयशाच्या नव्हे. सव्वाचार वर्षांनी तुम्ही ०.०१ च्या खाली गेलात, म्हणजे तेथे सव्वादोन वर्षे झाली. किमान अट नुकतीच ओलांडली होती. याच शिफारशी ‘एमआर-चार’ पातळीवर तीन वर्षे पूर्ण झाल्यास ते अधिक योग्य मानतात. त्यामुळे डॉक्टरांचे ‘अजून थोडे थांबू’ हे टाळाटाळीचे उत्तर नव्हते. त्यांनी ‘थोडे’ म्हणजे किती आणि कशासाठी हे सांगायला हवे होते, एवढी तक्रार मात्र रास्त आहे, आणि ती तुम्ही त्यांच्याकडे जरूर करा.

मुलाचा प्रश्न तुमच्या वयाच्या रुग्णांना भारतात फार वेळा पडतो, कारण पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा साठीच्या आसपास निदानाला येतो, तर आपल्याकडे चाळिशीच्या आतबाहेर. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, इमॅटिनिब घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका वाढतो, म्हणून ती चालू असताना गर्भधारणा टाळायची असते. स्तनपान करतानाही ही औषधे घेत नाहीत. एक दिवसाआड घेतल्याने हा धोका टळत नाही, हेही लक्षात घ्या. तसा समज असेल तर तो काढून टाका आणि तूर्तास गर्भनिरोधनात हयगय करू नका. सगळ्यांत सरळ मार्ग म्हणजे आकडा पुन्हा ०.०१ च्या खाली स्थिर करून, रक्तविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी एकत्र बोलून गोळी थांबवणे, आणि शक्य असल्यास पहिले धोक्याचे महिने निभावल्यावर गर्भधारणेचा प्रयत्न करणे. गरोदरपणात आकडा वर आला तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवायचे असते. किंचित वाढ झाली तर नुसते लक्ष ठेवणे, आणि उपचाराची गरज पडली तर इंटरफेरॉनसारखे पर्याय, असे मार्ग असतात. तुम्ही ३१ वर्षांच्या आहात. आणखी वर्षभर थांबणे जड वाटेल हे मी समजू शकते, परंतु वय हातातून निसटले अशी तुमची स्थिती नाही.

गोळी थांबवल्यावर साधारण पाचांपैकी एकाला किंवा त्याहून थोड्या अधिक जणांना सांधे आणि स्नायू दुखण्याचा त्रास काही आठवडे किंवा महिने होतो. हा आजार परतल्याचा संकेत नसतो. साध्या वेदनाशामकांनी तो बहुधा आटोक्यात येतो, आधी माहीत असले म्हणजे पुरे.

सासूबाईंविषयी दोन शब्द. आजाराची कल्पना असून ज्यांनी तुम्हाला सून करून घेतले, त्या तुमचे वाईट चिंतून गोळीला विष म्हणत नसाव्यात. त्यांनी ‘शून्य’ हा शब्द ऐकला आणि त्याचा जो अर्थ कोणीही लावेल तोच लावला. मधुमेहाची गोळी घेत असताना साखर नीट आली, म्हणून गोळी बंद करत नाहीत, हे त्यांना चटकन पटेल. शक्य झाले तर पुढील खेपेस त्यांना ओपीडीत बरोबर न्या. कोणत्याही आयुर्वेदिक काढ्याचा किंवा ‘रक्तशुद्धी’च्या गोळीचा विषय घरात निघाला असेल, तर तोही डॉक्टरांपुढे मोकळेपणाने काढा, कारण काही वनौषधी इमॅटिनिबचे रक्तातील प्रमाण कमीअधिक करतात.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी ज्यांचा आजार क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, आहे, त्यांनी वरचे आकडे स्वतःला लावून पाहू नयेत. तेथे उरलेला आजार बहुधा फ्लो सायटोमेट्री या पेशी ओळखून मोजण्याच्या तपासणीने, दहा हजार पेशींत एक या मर्यादेपर्यंत मोजतात, आणि व्हेनेटोक्लॅक्स या सीएलएलवरील औषधावर आधारित उपचार अनेकदा ठरावीक मुदतीचेच असतात; ब्रिटनमधील ‘फ्लेअर’ अभ्यासात तर उरलेल्या आजाराच्या मोजमापावरूनच उपचाराची मुदत ठरवण्यात आली. नाव जवळचे असले तरी नियम वेगळे आहेत. आणि सीएमएलच्या ज्या रुग्णांचा आकडा ०.०१ च्या खाली कधी जातच नाही, त्यांनी स्वतःला कमनशिबी समजू नये. ०.१ च्या खाली स्थिर राहून नियमित गोळी घेणाऱ्यांचे आयुर्मान आज जवळजवळ चारचौघांइतकेच असते. गोळी थांबवणे हे काहींना मिळणारे जादा दान आहे, उपचाराचे यशापयश त्यावरून मोजत नाहीत.

आता तुमच्याकडे परत येते. पुढील तपासणीआधी एका कागदावर आजवरचे सगळे आकडे तारखेसह, प्रयोगशाळेच्या नावासह आणि नियंत्रक जनुकाच्या प्रतींसह उतरवून काढा. त्याच कागदावर खाली, गोळी एक दिवसाआड कधी सुरू केली आणि रोजची पुन्हा कधी सुरू केली, या दोन तारखा लिहा. तोंडाने सांगणे अवघड वाटले, तर तो कागद नुसता डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रुग्ण गोळ्या चुकवतात हे त्यांना नवे नसते, आणि त्या दोन तारखा समोर असल्याशिवाय ०.०१८ चा अर्थ त्यांनाही लागणार नाही. मग त्यांना विचारा, की हा आकडा कितीच्या खाली आणि किती महिने राहिला म्हणजे आपण गोळी थांबवण्याविषयी बोलू; आणि त्यांचे उत्तर त्याच कागदावर, त्यांच्याच हाताने लिहून घ्या.